टेंभेकर सरांचा स्वाध्याय

गणित विभागाचे प्रमुख डॉ. टेंभेकर यांची रीत ठरलेली होती. वर्गात अवघड सिद्धता आली, की खडू खाली ठेवून म्हणायचं, "हे सोपं आहे, स्वाध्याय म्हणून घरी करा." आणि एखाद्या विद्यार्थ्याने घरी खरंच काही नवं सिद्ध केलं, की त्या शोधनिबंधावर स्वतःचं नाव आधी घालायचं. कुरकुर करणाऱ्याच्या प्रबंधावर मग महिनोन्‌महिने त्यांची सही होत नसे.

त्यांची विद्यार्थिनी रेवती कांडलकर हिच्या शोधनिबंधाला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. तिने चार वर्षं डोकेफोड केली होती; सरांनी तो उघडूनही पाहिला नव्हता. तरी सत्काराआधी ते गुरगुरले, "भाषणात माझं योगदान नीट सांग. तुझा प्रबंध अजून माझ्याच टेबलावर पडलाय!"

"सांगते ना सर, अगदी तुमच्या पद्धतीने."

व्यासपीठावर तिने आपलं काम समजावलं. मग शाल पांघरून फुगून बसलेल्या सरांकडे वळून ती नम्रपणे म्हणाली, "या कामात सरांचं योगदान किती, हे सिद्ध करणं सोपं आहे. श्रोत्यांनी ते स्वाध्याय म्हणून घरी करावं."

सभागृहात हशा पिकला. लालबुंद झालेल्या सरांनी आधारासाठी प्रमुख पाहुण्यांकडे पाहिलं. त्या होत्या याच विभागाच्या माजी विद्यार्थिनी, नामवंत गणितज्ञ डॉ. नसीम मुल्ला. त्यांनी माईक ओढला.

"वीस वर्षांपूर्वी माझ्या निबंधालाही हाच स्वाध्याय होता. मला अजून सुटलेला नाही. तोवर सर, या मुलीच्या प्रबंधावर सही तेवढी करून टाका. ती खरंच सोपी आहे."