सरळ रेघ

माणसं पेशींचं बोलणं ऐकायला नुकतीच शिकली होती, तेव्हाची गोष्ट. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जिवंत पेशी राहत. त्यांच्यात केसाहून बारीक सेन्सर बसवला होता. पेशींनी सोडलेली रसायनं ओळखून तो संगणकाच्या पडद्याला कळवी आणि पडदा त्याची रेघ काढी.

एकदा पेशी गुदमरू लागल्या. सेन्सरने कळवताच रेघ उसळली. पण पाहुणे यायचे होते आणि पडद्याला पडली होती स्वतःच्या देखणेपणाची. त्याने उसळी पुसून टाकली.

"अरे, त्या तडफडताहेत," सेन्सर म्हणाला.

"तुझी कटकट नेहमीचीच."

पाहुण्यांनी रेघेचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी पडदा म्हणाला, "बघ, आज न पुसताच सरळ आली."

"येणारच," सेन्सर संतापून म्हणाला, "बोलायला कोणी उरलंय कुठे?"