वळणावरची गाठ

फार मागे, एका तुळशीवृंदावनावर जाळं विणणारी एक कोळीण अंड्यांची पिशवी घेऊन वरच्या कोनाड्याकडे निघाली. वावटळ येऊ घातली होती. तरी ती पावलोपावली थांबून मागे सोडलेला धागा भिंतीला चिकटवी.

"कोळीणताई, अशानं वावटळीआधी पोहोचशील का गं? सोड तो धागा नि पळ!" शेजारून चढणारा मुंगळा म्हणाला.

"खरंय रे भाऊ, चाल मंदावतेय, धागा काढून काढून पोटही रितं होतंय. पण घसरले, तर माझी पिलं?" देवाचं नाव घेऊन तिनं ठरवलं, यापुढे फक्त वळणावर धागा चिकटवून गाठ मारायची.

ती भराभर चढू लागली, तोच वावटळ आली. मुंगळा थेट अंगणात पडला. कोळीण पिशवीसकट शेवटच्या गाठीच्या धाग्याला लोंबकळली आणि तिथूनच पुन्हा चढू लागली.

खालून मुंगळा ओरडला, "ताई, पोहोचलीस की धागा खाली सोड गं!"