देव्हाऱ्यातली करवत

फार फार वर्षांमागची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक म्हातारा सुतार राहत असे. त्यानं बसवलेलं दार पन्नास पावसाळ्यांतही कधी अडत नाही, असं लोक म्हणायचे. एक दिवस तो सुतार शांतपणे गेला. मागे राहिले त्याचा एकुलता मुलगा हैबती, सून गोजरा आणि हत्यारांची एक पेटी.

हैबतीची वडिलांवर फार माया. इतकी, की त्यानं हत्यारं पेटीतून काढली आणि देव्हाऱ्यात मांडली. वाकस, पटाशी, रंधा आणि वडिलांची मोठी करवत. करवतीला त्यानं तांबडं रेशमी वस्त्र गुंडाळलं. दर खंडेनवमीला तो हत्यारांवर पाणी शिंपडी, ओलं हळदकुंकू वाही, झेंडूची फुलं घाली आणि वस्त्र पुन्हा तसंच गुंडाळून ठेवी. बाकी वर्षभर त्यांना कुणी बोट लावायचं नाही. स्वतः हैबतीनंही सुतारकाम सोडलं. गावानं त्याला धान्याच्या कोठाराची राखण दिली होती, त्यावर नवराबायकोचं भागत होतं.

गोजराही सुताराचीच लेक होती. तिला राहवत नसे.

"अहो, वस्त्रावर तपकिरी डाग उमटलाय. पात्याला गंज चढतोय. एकदा पुसून तेलाचा हात फिरवू द्या मला."

"खबरदार! आबांचा हात फिरलाय त्यावरून. तो पुसून टाकायचा?"

"आबा तर रोज पुसायचे. मी नांदायला आले तेव्हापासून बघत होते."

"तेव्हा ती हत्यारं होती, गोजरा. आता देव आहेत."

गोजरा चुलीकडे वळली. पण भादव्यातली झड लागली आणि एक दिवस ती पुन्हा म्हणाली, "कोठाराची तुळई वाकलीय. एक लाकूड कापून टेकू द्यायला हवा."

"झड थांबली की नदीपलीकडचा सुतार बोलावतो."

"घरात करवत असताना?"

हैबती दोरीची गुंडाळी उचलून बाहेर निघून गेला. मुलांनो, ज्या प्रश्नाचं उत्तर माणूस टाळतो, तोच प्रश्न पुढे दार अडवून उभा राहतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी गोजरा दाणे पसरायला कोठारात गेली. हैबती पायरीवर बसून दोरी वळत होता. आतून कडाड असा आवाज आला आणि पाठोपाठ धुळीचा लोट बाहेर आला.

"गोजरा!"

"हळू या! भिंतीला धक्का लावू नका!"

तुळई खाली आली होती. तिचं एक टोक अजून मागच्या मातीच्या भिंतीत अडकलेलं होतं आणि दुसरं टोक गोजराच्या उजव्या पावलावर पडलं होतं. पावलाखाली दगडी फरशी, म्हणजे खणून पाऊल सोडवायची सोय नाही. भिंत तिच्या अंगावर ओणवी झाली होती. तिच्यातून मूठ मूठ माती गळत होती.

शेजारचा केरू कुंभार धावत आला. मागून आणखी चारपाच जण आले.

"उचला रे तुळई!" एक जण म्हणाला.

"उचलू नका," केरू ओरडला. "भिंतीतलं टोक हललं तर सगळी भिंत पोरीवर येईल. कुऱ्हाडीनं मधेच तोडू."

त्यानं कुऱ्हाडीचा एकच घाव घातला. भिंतीतून टोपलीभर माती धपकन खाली आली. केरूच्या हातातली कुऱ्हाड जागच्या जागी थांबली.

"घाव चालायचा नाही," गोजरा दात आवळून म्हणाली. "करवत हवी. तुळईला मधे टेकू द्या आणि माझ्या बाजूचं लाकूड कापा. करवत भिंतीला कळूही देत नाही."

सगळ्यांनी हैबतीकडे पाहिलं. गावात करवत एकच होती. नदीपलीकडे जाऊन यायला अर्धा दिवस लागला असता, आणि नदी फुगलेली होती.

हैबती धावत घरी गेला. देव्हाऱ्यापुढे त्याचे हात क्षणभर थबकले. मग त्यानं वस्त्र ओढलं, पण ते निघेना. रेशीम पात्याला चिकटलं होतं. त्यानं ते फाडलं. आत चकाकणारी करवत नव्हतीच. तपकिरी, खरखरीत, पापुद्रे सुटलेली एक पट्टी होती. जिथे दर नवमीला हळदकुंकवाचं बोट लागे, तिथे खड्डे पडले होते आणि दात झडले होते.

तो तशीच घेऊन आला. केरूनं तुळईखाली दगड रचून टेकू दिला. हैबतीनं करवत लाकडावर ठेवून ओढली. ती दोन बोटं सरकली आणि अडकली. त्यानं जोर केला तसं पातं कुरकुरलं आणि तुळई हादरली. भिंतीची माती पुन्हा गळली.

"थांबा," गोजरा म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "गंजकं पातं लाकडात रुतणारच. जोर कराल तर पातं मोडेल आणि भिंतही येईल. आधी गंज काढा."

"आता? गोजरा, वेळ कुठे आहे?"

"वेळ नाही म्हणूनच सांगते. माझ्या घरातून चिंच आणा, भिजवलेली आहे. केरूमामा, तुमच्या भट्टीवरून भाजक्या विटेची बारीक भुकटी. आणि गोणपाटाचा तुकडा."

माणसं पळाली. हैबतीनं करवत मांडीवर आडवी घेतली. पात्याला चिंचेचा कोळ फासला, वर विटेची भुकटी घातली आणि गोणपाटानं घासायला लागला. तांबडं पाणी त्याच्या मांडीवरून ओघळलं.

"दातांच्या मधे जा," गोजरा म्हणाली. "वरवर काय घासताय, घोड्याला खरारा करताय का?"

केरूला तशातही हसू आलं. हैबतीला मात्र आलं नाही. त्याची बोटं सोलवटली होती. पात्यावर पुसट झालेली एक खूण होती, वडिलांनी कोरलेली, त्यांच्या नावाची. घासता घासता त्याचा हात तिच्यापाशी आला आणि थांबला.

भिंतीतून एक ढेकूळ सुटलं आणि गोजराच्या खांद्यावर फुटलं.

"काय झालं? का थांबलात?"

"इथे आबांची खूण आहे. घासली तर जाईल."

गोजरानं खांद्यावरची माती झटकली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला पाऊल जाणवतच नाहीये आता. मघाशी दुखत होतं. आता काहीच कळत नाही."

हैबतीनं डोळे मिटले आणि खूण घासून काढली.

"आता राख लावून आंबटपणा काढा. नाहीतर चिंचच लोखंड खाईल. कोरडं पुसा. निखाऱ्यावर धरून ऊब द्या, ओल राहू देऊ नका. मग तेल. अंगाला लावतो तसं दोन्ही बाजूंनी."

"किती गं ठाऊक तुला!" केरू म्हणाला.

"मामा, मी रोज सांगत होते," गोजरा म्हणाली. "आज पहिल्यांदा ऐकताहेत. त्यासाठी छप्पर पाडावं लागलं मला."

केरूच्या भट्टीतून राख आणि निखारे आले, घरातून तेल आलं, आणि हैबतीनं सांगितलं तसं सगळं केलं. या वेळी करवत लाकडात शिरली. खर्र, खर्र असा आवाज येऊ लागला. पण अर्ध्या पात्याचे दात खड्ड्यांनी खाल्लेले, त्यामुळे निम्मंच पातं चालत होतं. जिथे दहा हात ओढायचे, तिथे वीस ओढावे लागले. चीर मिटून पातं अडकू नये म्हणून केरूनं तिच्यात पाचर घातली, पण ठोकून नाही, नुसती दाबून. कुणी मोठ्यानं श्वासही घेत नव्हतं. हैबतीच्या कपाळावरचा घाम तुळईवर टपटपत होता.

अखेर लाकूड तुटलं. चौघांनी गोजराच्या बाजूचा तुकडा अलगद उचलला. हैबतीनं तिला काखेत धरून बाहेर ओढलं. ती पायरीपर्यंत आली असेल नसेल, तोच भिंत आत कोसळली.

सगळ्या गावानं देवाचं नाव घेतलं. हैबती बायकोचं पाऊल मांडीवर घेऊन लहान मुलासारखा रडला.

वैद्यानं पाऊल पाहिलं. लेप लावून पट्टी बांधली आणि म्हणाला, "जीव वाचला, पाऊलही राहील. पण ही तीन बोटं काळी पडली आहेत, ती जाणार. चालताना पाय ओढावा लागेल. एक घटका आधी निघालं असतं, तर काही झालं नसतं."

ती एक घटका कुठे गेली, ते हैबतीला ठाऊक होतं. त्यानं गोजराकडे पाहिलं. ती पट्टीचं सुटलेलं टोक खोचत होती. तिनं बोल लावला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

दुसऱ्याच दिवशी त्यानं सगळी हत्यारं देव्हाऱ्यातून खाली काढली. गंज घासून काढला, पण पडलेले खड्डे भरून निघाले नाहीत. ते कशानंच भरत नसतात. त्या निम्म्या दातांच्या करवतीनं त्यानं कोठाराची नवी तुळई कापली. पुढे गावातल्या प्रत्येक घराचं आढं तपासून दिलं आणि पुन्हा सुतार म्हणवून घेऊ लागला. रोज संध्याकाळी काम संपलं की तो एकेक पातं कोरडं करी, तेलाचा बोळा फिरवी आणि जमिनीच्या ओलीपासून दूर, खुंटीला टांगी. गोजरा आतून पाय ओढत दिवा घेऊन येई. तो आवाज ऐकू आला की हैबती पुसलेलं पातं पुन्हा एकदा पुसत असे.

तात्पर्य : वाडवडिलांनी कामासाठी मागे ठेवलेल्या वस्तूची खरी पूजा तिला जपून वापरण्यात असते, न वापरता नुसतं पुजण्यात नसते.