पाहुण्याचं पाणी

ही गोष्ट फार जुन्या काळातली. तेव्हा राजाचा हुकूम घोड्यावर बसून गावोगाव जायचा आणि गावाचं गाऱ्हाणं मात्र पायी चालत राजधानीला पोहोचायचं. पोहोचलंच तर.

अशाच एका राज्यात ओढ्याकाठी एक लहानसं गाव होतं. ओढा वरच्या नगरातून यायचा. नगर वाढलं, तशी तिथल्या पाण्याच्या अंमलदाराने नगरातली सगळी गटारं या ओढ्यात सोडून दिली. नगर लख्ख झालं, राजाने अंमलदाराचं कौतुक केलं. खालच्या गावात मात्र पाणी काळपट झालं, त्याला वास येऊ लागला आणि पोटाच्या दुखण्याने घरोघर अंथरुणं पसरली.

राजा तसा वाईट नव्हता. दरवर्षी खालच्या गावात जायचं, तिथलं पाणी स्वतः पिऊन बघायचं आणि दरबारात येऊन सांगायचं, असं त्याने अंमलदाराला बजावलं होतं. अंमलदारही हुकमाचा पक्का. दरवर्षी न चुकता यायचा.

पण गावाची एक रीत होती. दारी आलेल्याला आधी गूळ-पाणी द्यायचं, आणि तेही घरातलं चांगल्यात चांगलं. आता पाहुण्यासमोर असलं घाण पाणी कसं ठेवायचं? गावाच्या ते जिवावर यायचं. म्हणून अंमलदार यायचा असला की दोन कोसांवरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणलं जायचं. झऱ्याची धार करंगळीएवढी. एक कळशी भरायला अर्धा दिवस जायचा. ती कळशी आणायचा मान गोजराबाईचा. तिच्या डोक्यावरून थेंब सांडत नाही असं सगळं गाव म्हणायचं, आणि तिलाही त्याचा थोडा तोरा होता.

अंमलदार यायचा, चावडीवर बसायचा, गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी प्यायचा आणि म्हणायचा, किती गोड पाणी आहे हो तुमचं. गाव सुखावायचं. मग तो घोड्यावर बसून परत जायचा आणि राजाला सांगायचा, की खालच्या गावाचं पाणी गोड आहे. अशी सात वर्षं गेली. सरकार येतं, पाणी पिऊन जातं, तरी काही करत नाही, असं म्हणून गाव कपाळाला हात लावायचं. आपणच सरकारला काय पाजतो, हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं. हसू नका. पाहुणे यायचे म्हटलं की फाटकी चादर आपणही आतल्या खोलीत ढकलतोच की.

आठव्या वर्षी गोजराबाईची सहा वर्षांची लेक तुळसा अंथरुणाला खिळली. आदल्या साली शेजारच्या घरातलं लेकरू असंच गेलं होतं. वैद्यबुवांनी नाडी पाहिली. औषध मी देतो, पण आधी पाणी बदला, नाहीतर पोर हाती लागायची नाही, असं ते स्पष्टच म्हणाले. गोजराबाईने पाणी गाळलं, उकळलं, तरी वास जाईना. जमेल तेव्हा ती झऱ्यावर जायची. पण रोज अर्धा दिवस डोंगरात घालवला तर घरची चूल कशी पेटायची? दोन दिवस झऱ्याचं आणि आठ दिवस ओढ्याचं, असं चाललं होतं. तुळसा दिवसेंदिवस वाळत चालली होती.

अंमलदार यायच्या दिवशी सकाळी भरलेली कळशी कोपऱ्यात ठेवली होती, वर धुतलेलं फडकं झाकलं होतं. तुळसाला जाग आली. तिने पाणी मागितलं. गोजराबाईचा हात सवयीने माठाकडे गेला.

"त्यातलं दे ना," तुळसाने कळशीकडे बोट केलं.

"ते पाहुण्याचं आहे, बाळा."

पोर शहाणी. ती रडली नाही, हट्ट केला नाही. कळशीकडे बघतच तिने विचारलं, "आई, मी पाहुणी कधी होणार गं?"

गोजराबाईने माठाकडे गेलेला हात मागे घेतला. सात वर्षं डोक्यावरून थेंब न सांडता तिने कळशी आणली होती, आणि त्यातला एक थेंबही घरातल्या या लेकराला दिला नव्हता. आजवर इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. तिने तुळसाचं डोकं मांडीवर घेतलं आणि कळशीतलं पाणी तिला घोट घोट पाजलं. कळशी तिच्या उशाशी ठेवली. मग माठातल्या पाण्याने तांब्या भरला आणि ती चावडीची वाट चालू लागली.

अंमलदाराने नेहमीसारखा गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्या उचलला. पिऊ दे, एकदा तरी कळू दे, असं गोजराबाई मनाशी घोकत होती. पण तांब्या त्याच्या ओठांशी गेला आणि तिला राहवेना. तिने पुढे होऊन त्याचा हात धरला. पाणी त्याच्या अंगरख्यावर सांडलं.

पाटील खेकसले, की गावाची अब्रू घालवलीस. गोजराबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"पिऊ नका, सरकार," ती म्हणाली. "हे आमचं रोजचं पाणी आहे. तुम्हाला पाजायचं म्हणूनच आणलं होतं, पण मन धजत नाही. आजवर तुम्ही प्यालात ते डोंगरातलं. माझी लेक हे पिऊन अंथरुणाला खिळली आहे."

अंमलदाराने तांब्या नाकाशी नेला आणि खाली ठेवला. पाटील हात जोडून म्हणू लागले, की चूक गावाचीच, आम्हीच झाकून ठेवलं.

"तुम्ही झाकलंत ते मायेपोटी," अंमलदार म्हणाला. "पण ओढा इथून पन्नास पावलांवर आहे आणि सात वर्षांत मी तिथवर गेलो नाही. बाई, तू माझा हात धरलास. तुझ्या लेकीचा हात धरणं माझं काम होतं."

तो उठला, ओढ्यापर्यंत चालत गेला. तिथून तुळसाच्या अंथरुणापाशी येऊन बसला. तिचा हात त्याने हातात घेतला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

दरबारात त्याने काही लपवलं नाही. राजाने सगळं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "गटारं ओढ्यातून बाहेर काढ. ती निघेपर्यंत तू त्याच गावात राहायचं आणि ओढ्याचंच पाणी प्यायचं. त्याच पाण्याचा एक तांब्या रोज माझ्याही ताटाशेजारी येईल. मीही तुझ्या शब्दावर निवांत झोपलो होतो."

जाणत्या कारागिरांनी या कामाला तीन वर्षं लागतील असं सांगितलं होतं. ते चार महिन्यांत झालं! नगराबाहेर वेगळा चर खणला, घाण दूर माळावरच्या खड्ड्यांत मुरू लागली, गावात नवी विहीर बांधली. तोवर गावासाठी रोज नगरातून गाड्यांवर चांगलं पाणी येत होतं. अंमलदाराला मात्र त्यातला थेंबही मिळत नसे. दोनदा त्याचं पोट बिघडलं, आणि दोन्ही वेळा गोजराबाईनेच त्याला मऊ पेज करून घातली. तुळसा हळूहळू उठून बसली, मग भिंतीला धरून चालली, आणि विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी ते बघायला सगळ्यांच्या पुढे धावत गेली.

ही बातमी इतर गावांतही पोहोचली. पुढच्या फेरीला प्रत्येक गावाने अंमलदारासमोर आपलं घरचं पाणी ठेवलं. जिथलं पाणी खराब निघालं, तिथे ते सुधारेपर्यंत तो थांबला, आणि आठ दिवसांची फेरी दीड वर्ष चालली. पण अंमलदाराने कधी कुरकुर केली नाही. कुठल्याही गावात शिरला की तो चावडीवर बसण्याआधी वाटेतल्या एखाद्या लेकरापाशी वाकायचा आणि विचारायचा, "बाळा, आज तू कुठलं पाणी प्यालास?"

तात्पर्य: ज्याच्या हाती कारभार आहे, त्याने पाहुणा होऊन पाहुणचार घेऊ नये, लोकांच्या घरातलं रोजचं पाणी कसं आहे, ते स्वतः जाऊन पाहावं.