सोन्याला पहिलं घर

शाळेच्या नव्या प्रयोगशाळेत विज्ञानाच्या शिंत्रेबाई पेंटरकडून भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता रंगवून घेत होत्या. तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष वसंतशेठ पोतदार आले. सराफीची मोठी पेढी त्यांची, आणि गावात समारंभ कुठलाही असो, पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची त्यांचीच.

"पहिल्या घरात हा हायड्रोजन कोण बसलाय?" शेठ कडाडले. "तिथं सोनं लिहा. नाहीतर बाई, तुमची नोकरी कायम कशी होते ते मी बघतो!"

पेंटरचा ब्रश हवेतच थांबला. शिंत्रेबाई मात्र हसल्या.

"बसवू की, शेठ! फक्त इथली जागा मानपानावर मिळत नाही, अणूच्या पोटात प्रोटॉन किती त्यावर मिळते. पहिल्या घरात एकच चालतो, आणि सोन्याच्या पोटात आहेत एकोणऐंशी. त्यातले अठ्ठ्याहत्तर काढून घ्यावे लागतील."

"मग घ्या काढून!"

"घेऊ. पण मग ते सोनं राहणार नाही, त्याचा हायड्रोजन होईल. हवेपेक्षा हलका वायू, वर उडून जाईल. सुरुवात तुमच्या गळ्यातल्या गोफापासून करायची का?"

शेठचा हात झटकन गोफावर गेला.

"राहू द्या," ते पुटपुटले, "एकोणऐंशीवं घर काही वाईट नाही."