पाळकाच्या टाचेतला काटा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. माळावरचं गाव, चहूकडे बाभळी, आणि मधोमध एक लहानसं प्रार्थनामंदिर.

तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, मोठा गुणी माणूस होता. रागाला त्याने आवरलं होतं, जिभेला लगाम घातला होता, आणि आळस तर त्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. कुणाचं छप्पर उडालं की हा शिडी घेऊन हजर. कुणी आजारी पडलं की हा उशाशी बसलेला. एवढे गुण कमावलेल्या त्या माणसाला एकच गोष्ट जमत नसे. कुणाकडून काही घ्यायचं म्हटलं की त्याचा हात पुढे येत नसे.

"सेवकाने द्यावं, घेऊ नये," असं तो म्हणे, आणि खिरीची वाटी उंबऱ्यावरूनच परत जाई. आधी लोकांना याचं कौतुक वाटलं. मग हळूहळू वाईट वाटू लागलं. आपलं काहीच ज्याला चालत नाही, त्याच्या दारी जायचं तरी कोणत्या तोंडाने?

गावाच्या टोकाला शेळ्या राखणारी एक म्हातारी राहत होती. जिभेची तिखट, पण मनाची निर्मळ. पाळकाने तिच्या गोठ्याची पडलेली भिंत बांधून दिली. पाळक अनवाणी फिरतो हे तिने पाहिलं होतं, म्हणून तिने त्याच्यासाठी मुद्दाम वहाणा शिवून घेतल्या. पाळकाने हात जोडले.

"आजी, या कुणा गरजूला द्या."

 तिने वहाणा घरी नेल्या आणि खुंटीला अडकवून ठेवल्या.

पुढे प्रभू येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीचे उपासाचे दिवस आले. कुणाच्या तरी चुलीसाठी लाकडं वाहताना पाळकाच्या टाचेत बाभळीचा काटा घुसला आणि आतच मोडला. त्याने वर चिंधी गुंडाळली. पाय सुजला, ठणकू लागला, अंगात कणकण आली. पाळक मनातून घाबरला होता. गेल्याच वर्षी गावातला गाडीवान अशाच काट्याने गेला होता, आणि त्याच्या कबरेपाशी प्रार्थना यानेच केली होती. तरी तो कुणाला सांगेना. 'आज टाच बघायला येतील, उद्या भाकरी घेऊन येतील,' असं म्हणून त्याने चिंधी आणखी आवळली. कुणी विचारलंच, तर म्हणे, "जरा मुरगळलाय." कधी खोटं न बोलणारा माणूस, पण इथे मात्र धडधडीत खोटं बोलला.

सणाआधीच्या गुरुवारी तिथे एक रीत होती. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाळक मंडळीतल्या बारा जणांचे पाय धूत असे. गंमत अशी, की ज्यांची पाळी असे ते सकाळीच घरी टाचा घासून, वर तेल लावून येत. पाळकापुढे येणारे पाय अगदी नवरदेवाचे! दर वर्षी पाळक हसून म्हणे, "अहो, घाण घरीच धुऊन आलात, तर मी इथे काय धुऊ?"

त्या वर्षी बाकावर सगळ्यात शेवटी म्हातारी बसली होती. पाय थेट गोठ्यातून आलेले, चिखलाने आणि लेंड्यांनी भरलेले. शेजारच्यांनी नाकं मुरडली. पाळक मात्र खूश झाला.

"आजी, तुम्ही एकट्यांनी माझं ऐकलंत," तो म्हणाला.

त्याने ते पाय मन लावून धुतले, पुसले, आणि उठायला गेला. पण सुजलेल्या पायाने दगा दिला. पाळक कोसळला, परातीतलं पाणी सांडलं आणि चिंधी सुटली. काळीनिळी पडलेली टाच सगळ्यांना दिसली. 

पाळकाने झग्याखाली पाय ओढला. "काही नाही, काही नाही. उपासना चालू द्या."

"थांबा," म्हातारी म्हणाली. "दर वर्षी आम्हाला बोल लावता, घाण घरीच का धुता म्हणून. तुम्ही तर धुतलीसुद्धा नाहीत. चिंधीत बांधून आणलीत."

"आजी, माझ्या पायाला तुम्ही हात लावायचा नाही. मी तुमचा सेवक आहे."

"एक शिष्यही प्रभूला असंच नको म्हणाला होता. प्रभूने त्याला काय सांगितलं, ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आठवतंय, की मी सांगू?"

पाळकाला आठवलं: 'मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही.' दर वर्षी तो हा उपदेश करी, पण स्वतःला कायम धुणाऱ्याच्याच जागी बघे. पाय पुढे करणाऱ्याच्या जागी तो कधी बसलाच नव्हता.

तेवढ्यात गाडीवानाची विधवा पुढे आली. "पाळकबाबा," ती हळूच म्हणाली, "आमच्या घरधन्यानंही लपवलंच होतं."

पाळकाचे डोळे भरून आले. त्याने पाय पुढे केला.

कुणी कढत पाणी आणलं, कुणी हळद आणली. म्हातारीने कनवटीची सुई आणि चिमटा काढला. पाळक मोठ्याने ओरडला आणि शेजारी उभ्या असलेल्या कुणाचा तरी हात त्याने गच्च धरला. मग म्हातारी म्हणाली, "निघाला!" आणि साऱ्या मंडळीने सुटकेचा श्वास टाकला. जणू प्रत्येकाच्याच टाचेतला काटा निघाला होता.

सणाच्या पहाटेपर्यंत ताप उतरला. पाय वाचला, पाळकही वाचला. तो पडून होता तेवढे दिवस वाट्या येत राहिल्या आणि रिकाम्या होऊन परत गेल्या. एका खिरीत गूळ कमी आहे असं तो म्हणाला, तर ती खीर करणारी बाई आनंदाने गावभर सांगत सुटली.

उठून चालता येऊ लागल्यावर तो म्हातारीच्या दारी गेला.

"आजी, त्या वहाणा कुणाला दिल्यात?"

"कुणाला देणार?" म्हातारी म्हणाली. "माप तुमचं होतं."

त्याने त्या तिथेच पायात घातल्या.

पुढच्या वर्षी त्या गुरुवारी माणसं शेतातल्या धुळीच्या पायांनी आली. सगळ्यांचे पाय धुऊन झाल्यावर पाळकाने वहाणा काढल्या आणि तो स्वतः बाकावर जाऊन बसला. म्हातारीने त्याच्या टाचांना नावं ठेवत ठेवत त्याचे पाय धुतले.

तेव्हा लहानथोरहो, एवढं ध्यानात असू द्या: प्रेमाने दिलेलं ज्याला घेता येत नाही, त्याची नम्रता अजून अर्धीच असते.