जाड तारेची ऐट

घरोघरी चिनीमातीचे फ्यूज होते, त्या काळची गोष्ट. नारकरांच्या फ्यूजमध्ये केसासारखी बारीक तार राहत असे. गिझर, इस्त्री आणि शेगडी एकदम लागली, की ती वितळायची आणि घरात अंधार व्हायचा.

"पुन्हा गेली! जरा म्हणून दम नाही हिच्यात," नारकर करवादले. त्यांनी तिला केरात टाकलं आणि तिच्या जागी तांब्याची जाडजूड तार पिळून बसवली.

जाड तारेला आकाश ठेंगणं झालं. केराच्या सुपलीतून बारीक तार म्हणाली, "अगं, भार वाढला की तुटायचं, एवढंच आपलं काम."

"तुटणं हे काय काम झालं? मी नाही बाई असली पळपुटी!"

दिवाळीला पाहुणे आले आणि घरातलं होतं नव्हतं ते सगळं एकदम सुरू झालं. भिंतीतल्या वायरी तापून कळवळल्या, "ताई, आता तरी सोड गं!" ताई हूं की चूं न करता तशीच उभी राहिली. आधी वास आला, मग धूर. पडदे पेटले, तशी माणसं नेसत्या वस्त्रांनिशी अंगणात धावली.

सकाळी काळ्याठिक्कर भिंतीवर जाड तार तेवढी शाबूत होती.

"बघा नारकर, शेवटपर्यंत तुटले नाही मी!"

नारकर अंगणातूनच बघत होते. आत जाऊन शाबासकी द्यावी, तर आत जायला घरच उरलं नव्हतं.